लंडनच्या संसदेत वेल्सचा पैसा : प्रश्न विचारायचा तरी कुणाला?

खलाशी_कार्डिफ

बुधवारी सकाळी साडेअकराला लंडनच्या कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, वेल्सच्या प्रश्नोत्तरांना अर्धा तास मिळतो. दर बुधवारी नाही. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड, वेल्स आणि आणखी एकदोन खाती पाळीपाळीनं येतात, म्हणजे वेल्सचा नंबर लागायला महिना तरी जातोच. बारा वाजता पंतप्रधानांचे प्रश्न असतात, त्यामुळे सभागृह हळूहळू भरत असतं, मागच्या बाकांवर गप्पा रंगलेल्या असतात, आणि त्या गलक्यात वेल्सचा एखादा खासदार उठून वेल्सच्या मंत्र्यांना विचारतो : एचएस-टू या वेगवान रेल्वेच्या वाट्याचे आमचे पैसे कुठे आहेत?

गेली काही वर्षं मी हा अर्धा तास ऑनलाइन बघतो. प्रश्न तोच, उत्तरही जवळपास तेच. २०२४ मध्ये हुजूर पक्ष गेला, मजूर पक्ष आला, मंत्री बदलले, उत्तराचा सूर तेवढा जरा मऊ झाला. हे असं का होतं, ते इथं मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात वेल्सनं स्वतःची असेंब्ली मागितली, पण कशीबशी : ५०.३ टक्के बाजूनं, फरक अवघ्या ६,७२१ मतांचा. १९९९ मध्ये ती कार्डिफच्या बंदरालगत सुरू झाली, २०२० पासून तिला सेनेड म्हणतात. आरोग्य, शिक्षण, स्थानिक रस्ते, शेती, आर्थिक विकास हे तिच्याकडे. संरक्षण, परराष्ट्र, चलन, बहुतेक कर, पोलीस आणि रेल्वेचे रूळ हे लंडनकडे. रुळांचं लक्षात ठेवा, सगळी मेख तिथंच आहे.

वेल्सचे खासदार मात्र लंडनच्या संसदेत बसतातच. पूर्वी ४० होते, २०२४ पासून ३२. त्यांनी तिथं विचारायचं काय? २५ ऑक्टोबर १९९९ ला कॉमन्सनं ठराव केला की जे विषय कायद्यानं खाली सोपवले आहेत त्यांवर लंडनच्या मंत्र्यांना प्रश्न विचारता येणार नाही, मोजके अपवाद सोडून. म्हणजे कार्डिफच्या इस्पितळातल्या रांगेबद्दल विचाराल तर प्रश्नपत्रिकेवर नावच येणार नाही. ते ठीक आहे, त्याचा जाब सेनेडमध्ये विचारावा. पण पैशाचं काय? तो तर लंडनहून येतो, आणि किती यायचा हे ट्रेझरी, म्हणजे लंडनचं अर्थखातं ठरवतं.

एचएस-टू म्हणजे लंडन ते बर्मिंगहॅमची वेगवान रेल्वे. साधारण २२५ किलोमीटर. त्यातला एक मीटरही वेल्समध्ये नाही. पुढचा उत्तरेचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी पक्षाच्या मँचेस्टरच्या अधिवेशनात रद्द केला, तोही वेल्समधून जाणार नव्हताच. इंग्लंडपुरता खर्च वाढला की बाकीच्यांना त्या प्रमाणात हिस्सा मिळतो, पण ट्रेझरीच्या कागदावर हा ‘इंग्लंड आणि वेल्स’चा प्रकल्प आहे. असं का, तर वेल्समधले रूळ लंडनच्या अखत्यारीत येतात, म्हणून रेल्वेवरचा खर्च दोघांचा मिळून धरायचा. स्कॉटलंडकडे रुळांचे अधिकार आहेत, उत्तर आयर्लंडची रेल्वे वेगळीच. त्यामुळे त्या दोघांना एचएस-टूच्या खर्चावर हिस्सा मिळतो. वेल्सला भोपळा.

जुलै २०२१ मध्ये कॉमन्सच्याच वेल्स समितीनं अहवाल दिला की हा प्रकल्प फक्त इंग्लंडचा धरा. समितीचे अध्यक्ष स्टीफन क्रॅब हे तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचेच. सरकारनं नकार दिला.

माझं म्हणणं एवढंच : वेल्सच्या अर्थकारणाची खरी चर्चा त्या अर्ध्या तासात होतच नाही. ती ट्रेझरीच्या निधी-धोरणाच्या पुस्तिकेच्या परिशिष्टात आधीच उरकलेली असते. कुठल्या खर्चासमोर किती टक्के, याचा तक्ता तिथं असतो. खासदार तक्त्याबद्दल विचारतो, वेल्सचे मंत्री उत्तर देतात, आणि तक्ता ज्यांच्या हातात आहे ते लोक त्या दालनात नसतातच.

माळावरचा_म्हसोबा

उत्तम धागा. म्हणजे सोसायटीत लिफ्ट बसवली ए विंगला, आणि बी विंगवाल्यांना सांगितलं की खर्च ‘ए आणि बी’च्या खात्यावर टाकलाय, तुम्हाला वेगळं काही मिळणार नाही. आणि सेक्रेटरी ए विंगचा.

खलाशी_कार्डिफ

@म्हसोबा, हसलो. पण ए विंगवाल्यांची बाजूही ऐका, नाहीतर अर्धंच चित्र दिसेल. ते म्हणतात, बी विंगची वायरिंग आणि पाण्याची टाकी आम्हीच दुरुस्त करतो, त्याचं बिल तुम्हाला लावत नाही. वेल्समधल्या रुळांची देखभाल नेटवर्क रेल ही सरकारी कंपनी करते, त्याचा पैसा लंडनचा. तत्त्व म्हणून हे चूक नाही. वाद आहे तो प्रत्यक्षात बी विंगवर किती खर्च झाला याचा. ग्रेट वेस्टर्न मार्गाचं विद्युतीकरण स्वान्सीपर्यंत जायचं होतं, जुलै २०१७ मध्ये ते कार्डिफलाच थांबवलं. पुढं गाडी डिझेलवर. सुनक यांनी उत्तरेचा टप्पा रद्द करताना उत्तर वेल्सच्या मार्गाच्या विद्युतीकरणासाठी १ अब्ज पौंड जाहीर केले होते. तिथं आजही डिझेलच धावतं.

आळशी_वाचक

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हिशेबनीस कुठे आहेत?

हिशेबनीस

आलो. ज्याला बार्नेट सूत्र म्हणतात ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस ट्रेझरीचे मंत्री जोएल बार्नेट यांनी तात्पुरती सोय म्हणून आणलं. पंचेचाळीस वर्षं उलटून गेली, सोय चालूच आहे. स्वतः बार्नेटच पुढं म्हणायला लागले की हे आता बंद करा.

सूत्र सोपं आहे. लंडनच्या एखाद्या खात्याच्या खर्चात जेवढी वाढ झाली, गुणिले त्या खात्याचं काम किती प्रमाणात खाली सोपवलंय ती टक्केवारी, गुणिले लोकसंख्येचं प्रमाण. वेल्ससाठी २०१८-१९ पासून वर ५ टक्के जास्त, कारण वेल्सच्या निधीचा अभ्यास करणाऱ्या होल्थॅम आयोगानं २०१० मध्ये दाखवून दिलं होतं की इंग्लंडमध्ये जिथं १०० पौंड लागतात तिथं वेल्समध्ये साधारण ११५ लागतात. लोकसंख्या वयस्क, आजार जास्त, उत्पन्न कमी.

आता समजा वाहतूक खात्याचा खर्च १ अब्ज पौंडांनी वाढला. २०२१ च्या तक्त्यात स्कॉटलंडची टक्केवारी ९१.७, लोकसंख्या इंग्लंडच्या साधारण ९.६ टक्के. स्कॉटलंडला ८ कोटी ८० लाख. वेल्सची टक्केवारी ३६.६, लोकसंख्या ५.५ टक्के. होतात २ कोटी, वरचे ५ टक्के धरून २ कोटी ११ लाख. आता मजा बघा. २०१५ च्या तक्त्यात वेल्सची हीच टक्केवारी ८०.९ होती. त्या दरानं याच वाढीचे ४ कोटी ६७ लाख झाले असते. मधल्या काळात वेल्सचे अधिकार कमी झाले नाहीत. खात्याच्या हिशेबात एचएस-टू आणि नेटवर्क रेल यांचा वाटा फुगत गेला, तसा उरलेल्याचा टक्का घसरला. म्हणजे लंडननं एचएस-टूवर जितका जास्त खर्च करावा, तितका इतर वाहतूक खर्चातूनही वेल्सचा वाटा आटतो. संसदेत ‘एचएस-टूचे पैसे द्या’ असं ओरडण्यापेक्षा हा टक्का कसा घसरला हे विचारलं तर मंत्र्यांना जास्त घाम फुटेल.

दुसरं, हे सूत्र कुठल्याही कायद्यात नाही. आपल्याकडे कलम २८० आहे, वित्त आयोग आहे. पंधराव्या आयोगानं राज्यांच्या वाट्यातले महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले त्यावर आपण कितीही बोटं मोडू, पण उत्पन्नातली तफावत ४५ टक्के, लोकसंख्या १५, क्षेत्रफळ १५ वगैरे वजनं छापून येतात आणि आयोग सरकारबाहेरचा असतो. तिकडे सूत्र ट्रेझरीचं, तक्ता ट्रेझरीचा आणि तक्रारीची सुनावणीही बरीच वर्षं ट्रेझरीच्याच कलानं. २०२२ पासून तंटे सोडवायची नवी पद्धत आली आहे, पण पैशाच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा हे सांगायला नको.

नागपूरची_संत्री

अहो पण याला दुसरी बाजू आहे की नाही? प्लाइड कम्री हा वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष. त्यांना लंडन अन्याय करतं हे दाखवायचंच असतं. त्यांच्या खासदार लिझ सॅव्हिल रॉबर्ट्स दर वेळी एचएस-टूचे ४ अब्ज पौंड म्हणतात. रद्द झालेल्या टप्प्यांचे पैसे खर्चच झाले नाहीत, तर त्यावर हिस्सा कसला मागता? आणि खुद्द वेल्स सरकारनं आकडा ३५ कोटींवर आणला होता ना?

खलाशी_कार्डिफ

@संत्री, आकड्याबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे. ४ अब्ज हा सबंध प्रकल्पावरचा अंदाज, ३५ कोटी हा तोवर हुकलेल्या रकमेचा हिशेब. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण सभागृहात ते एकमेकांवर फेकले जातात आणि मंत्र्यांना पळवाट मिळते. राजकारण मात्र एकट्या प्लाइडचं नाही. मजूर पक्ष लंडनमध्ये विरोधात असताना कार्डिफमधलं त्याचंच सरकार हीच मागणी करत होतं. जुलै २०२४ मध्ये लंडनमध्येही त्यांचंच सरकार आलं, जो स्टीव्हन्स वेल्सच्या मंत्री झाल्या, आणि वर्गीकरण तसंच राहिलं. जून २०२५ च्या खर्च आढाव्यात वेल्सच्या रेल्वेसाठी दहा वर्षांत मिळून ४४.५ कोटी पौंड जाहीर झाले. यावर सरकारी बाकांवरून टाळ्या, समोरून ‘हे भरपाईचे की नवे?’ असा सवाल. मला विचाराल तर, वर्गीकरण बदलायचं नाही आणि तक्रारही थांबवायची, म्हणून दिलेले हे पैसे आहेत. वर्गीकरण बदललं की उद्या प्रत्येक प्रकल्पाला तो नियम लागू होईल. एकरकमी दिलेला पैसा पुढच्या प्रकल्पाला बांधील नसतो.

भट्टीवाला

मी पोलाद धंद्यातला, आता निवृत्त. वेल्सचा विषय निघालाय आणि टाटांच्या पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्याचं नाव अजून कुणी काढलं नाही?

मोटरवेनं कार्डिफहून स्वान्सीकडे जाताना डावीकडे समुद्र आणि कारखाना एकत्रच दिसतात. दोन झोतभट्ट्या होत्या, चार आणि पाच नंबर. पाच नंबर जुलै २०२४ मध्ये विझवली, चार नंबर ३० सप्टेंबर २०२४ ला. झोतभट्टी बंद करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. आतला द्रव लोखंडाचा शेवटचा साठा तळाला भोक पाडून काढून घ्यावा लागतो, नाहीतर तो आतच थिजतो आणि भट्टी कायमची मेली. इथं तर पुन्हा पेटवायचीच नव्हती. जागी विजेवर चालणारी भट्टी येतेय, खर्च सव्वा अब्ज पौंड, त्यातले ५० कोटी लंडन सरकारचे. जुलै २०२५ मध्ये बांधकाम सुरू झालं. ती भंगार वितळवणार, खनिजापासून लोखंड बनवणार नाही. माणसंही फार कमी लागतात. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनं जाहीर केलेला कपातीचा आकडा होता २,८०० पर्यंत.

आता प्रश्न : याचा जाब कुणाला विचारायचा? आर्थिक विकास सेनेडकडे, पण विजेचा दर, आयात शुल्क आणि एवढी मोठी मदत लंडनकडे. आणि निर्णय घेणारे मुंबईत, टाटांच्या फोर्टमधल्या मुख्यालयात, बॉम्बे हाउसमध्ये. मार्च २०१६ मध्ये टाटांनी ब्रिटनमधला धंदा विकायचं काढलं, तेव्हा त्या भागाचे खासदार स्टीफन किनक कामगार संघटनेच्या लोकांबरोबर थेट मुंबईला आले होते, संचालक मंडळाच्या बैठकीच्या वेळेला. उद्योगमंत्री साजिद जाविद तेव्हा ऑस्ट्रेलियात. आपल्या मतदारसंघाच्या पोटापाण्याचा प्रश्न विचारायला ब्रिटिश खासदार मुंबईत येतो, हे आमच्या पिढीनं बघितलं.

नागपूरची_संत्री

@भट्टीवाला, टाटांना दोष देताय का? रोज दहा लाख पौंडांहून जास्त तोटा होतोय असं कंपनी सांगत होती.

भट्टीवाला

कुणालाच नाही देत. २००७ मध्ये टाटांनी कोरस ही पोलाद कंपनी ज्या किमतीला घेतली ती पाहून आम्ही तेव्हाच कपाळाला हात लावला होता, पण ते वेगळं. मला खटकतं ते शनिवार, १२ एप्रिल २०२५ चं. ईस्टरच्या सुटीतून संसद परत बोलावली, एका दिवसात कायदा केला आणि इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या झोतभट्ट्या वाचवल्या. मालक चिनी कंपनी, तिनं कच्चा माल मागवणं थांबवलं होतं. वेल्सच्या खासदारांनी त्याच चर्चेत विचारलं : पोर्ट टॅलबटसाठी हे का नाही केलंत? उत्तर आलं की परिस्थिती वेगळी होती, तिथं खाजगी गुंतवणुकीचा करार झाला होता. करार झाला होता हे खरं. पण आधीच्या सरकारला, आणि जुलै ते सप्टेंबर २०२४ मध्ये याही सरकारला, चार नंबरची भट्टी पेटती ठेवायचा मार्ग सुचला नाही आणि सात महिन्यांत दुसरीकडे एका दिवसात सुचला, तर स्वान्सीच्या पबमध्ये लोक काय म्हणत असतील?

सुगंधा_स्वान्सी

पबमध्ये काय म्हणतात ते इथं लिहिलं तर संपादक धागा उडवतील 🙂

मला एक वेगळी गोष्ट जोडायची आहे : कोळशाच्या राडारोड्याचे ढीग. इथल्या दऱ्यांमध्ये, डोंगरउतारावर, वस्तीच्या वर, असे सुमारे अडीच हजार ढीग आहेत. २१ ऑक्टोबर १९६६ ला ॲबरफॅनमध्ये असाच एक ढीग पावसानं सैल होऊन प्राथमिक शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. खाण सरकारी कोळसा मंडळाची. गावावर उरलेले ढीग तसेच होते, ते काढा म्हणून लोक मागं लागले. सरकारनं त्या कामासाठी दुर्घटनाग्रस्तांसाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच १,५०,००० पौंड घेतले. मेलेल्या मुलांच्या नावानं जमलेला पैसा! ते परत मिळाले १९९७ मध्ये, वेल्सचे मंत्री रॉन डेव्हिस यांच्या काळात. रक्कम तेवढीच, मधल्या वर्षांची महागाई न धरता.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळात टायलर्सटाउनचा ढीग घसरला. कुणाला इजा झाली नाही, पण व्हिडिओ बघून सगळ्यांना ॲबरफॅन आठवलं. मग पुन्हा तोच खेळ. लंडन म्हणे, ढिगांची देखभाल हा सेनेडकडे सोपवलेला विषय. कार्डिफ म्हणे, ढीग सेनेडच्या आधीचे, कोळसा सगळ्या ब्रिटननं जाळला, मग राडारोडा एकट्या वेल्सचा कसा? काही वर्षं हा विषय प्रश्नोत्तरांत नुसता इकडून तिकडे ढकलला गेला. शेवटी ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात अडीच कोटी पौंड आले, जून २०२५ ला ११.८ कोटी.

मुद्दा असा की इथं अधिकारांची वाटणी एका अक्षरानंही बदलली नाही. ‘सोपवलेला विषय’ होता तो तसाच आहे. तरी लंडननं पैसे दिले. म्हणजे आधी जे उत्तर मिळत होतं ती कायद्याची अडचण नव्हती.

हिशेबनीस

@सुगंधा, अगदी. याचं नागडं उदाहरण २०१७ चं. थेरेसा मे यांचं बहुमत गेलं, उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाचे दहा खासदार पाठिंब्याला लागत होते. उत्तर आयर्लंडला १ अब्ज पौंड दिले, बार्नेट सूत्राला बगल देऊन. वेल्स-स्कॉटलंडला त्यावर एक छदामही हिस्सा नाही. दहा खासदारांचा भाव तेवढा. वेल्सचे ३२ आहेत, पण ते बहुतेक लंडनच्याच मोठ्या पक्षांचे.

माळावरचा_म्हसोबा

मग रेल्वे मागून का घेत नाहीत? रूळ सेनेडकडे आले की वर्गीकरणाचा वादच मिटला.

खलाशी_कार्डिफ

मागितलेत. स्कॉटलंडला ते अधिकार २००५ च्या रेल्वे कायद्यानं मिळाले. वेल्समध्ये कार्डिफच्या उत्तरेकडच्या दऱ्यांतले रूळ मार्च २०२० मध्ये वेल्स सरकारनं ताब्यात घेतले आणि तिथं मेट्रोचं काम केलं, त्यात सुमारे १ अब्ज पौंड ओतले. पण सगळं जाळं घ्यायचं तर त्याबरोबर पैसाही आला पाहिजे. जुने पूल, समुद्राकाठचे वाहून जाणारे मार्ग, सगळी जबाबदारी अंगावर आणि रक्कम ठरवणार पुन्हा ट्रेझरी. म्हणून कार्डिफमधले अधिकारीही जपून बोलतात.

क्राउन इस्टेटचंही तसंच. समुद्रतळाची ही राजघराण्याच्या नावची मालमत्ता स्कॉटलंडला २०१६ च्या कायद्यान्वये मिळाली. वेल्सला नाही, जरी तिथल्या सगळ्या २२ स्थानिक कौन्सिलांनी ठराव करून मागणी केली आहे. आता समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या येणार, भाड्याचा पैसा मोठा असणार. यावर प्रश्न विचारला की उत्तर येतं : तुकडे केले तर गुंतवणूकदार बिचकतील. स्कॉटलंडमध्ये का बिचकले नाहीत, हा पुरवणी प्रश्न ठरलेला.

आळशी_वाचक

पुरवणी प्रश्न आधी कळवावा लागतो का? आपल्याकडे तारांकितला मंत्री तयारी करून येतात, पुरवणीला गडबडतात.

खलाशी_कार्डिफ

मूळ प्रश्न काही दिवस आधी द्यावा लागतो, मग सोडत निघते, त्यात नाव आलं तर यादीत. पुरवणी कळवावा लागत नाही. म्हणून मूळ प्रश्न अगदी गुळगुळीत असतो, ‘वेल्सच्या अर्थव्यवस्थेबाबत मंत्रिमहोदयांनी सहकाऱ्यांशी कोणती चर्चा केली आहे?’ असा, आणि खरा बाण पुरवणीत. मंत्र्यांकडे जाडजूड फाइल असते, ते पान शोधतात आणि आधीच्या सरकारनं काय केलं नाही ते वाचून दाखवतात.

खरं काम लेखी प्रश्नांतून होतं असं माझं मत आहे. तिथं टाळ्या नाहीत, पण आकडा लिहून द्यावा लागतो, निदान का देत नाही ते तरी. वर्गीकरणावर दडपण आणून पैसे निघाल्याचं एक जुनं उदाहरण आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च ट्रेझरीनं साऱ्या ब्रिटनचा धरला. तिन्ही सरकारांचं म्हणणं, पूर्व लंडनच्या वस्त्या सुधारल्या त्यात आमचं काय? वाद रेंगाळला आणि डिसेंबर २०११ मध्ये तिघांना मिळून ३ कोटी पौंडांच्या आसपास दिले. वेल्सच्या वाट्याला सुमारे ९० लाख.

नागपूरची_संत्री

९० लाख! एवढ्यासाठी एवढी वर्षं?

हिशेबनीस

तत्त्व मान्य केलं नाही, नुसती रक्कम दिली. म्हणून तर तोच वाद एचएस-टूला पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. @खलाशी, ३६.६ चा तक्ता २०२५ च्या आढाव्यात बदललाय, नवी पुस्तिका वाचून वेगळी प्रतिक्रिया टाकतो. ऑक्सफर्ड-केंब्रिज रेल्वेमार्गाचं वर्गीकरणही त्यात तपासतो.